जुन्या स्नोबोर्ड बाइंडिंगला नवा टो स्ट्रॅप बसेल का?
हो, दहा-बारा वर्षं जुन्या बाइंडिंगलाही (बूट बोर्डला धरून ठेवणारा सांगाडा) नवा टो स्ट्रॅप (बुटाच्या पुढच्या टोकावरचा पट्टा) बसवता येतो, फक्त लॅडर (दातेरी पट्टी) आणि रॅचेट (ती ओढून पकडणारा खटका) दोन्ही एकाच सेटमधले घ्या, कारण जुन्या रॅचेटच्या दातांशी नव्या लॅडरचं अंतर जुळलं नाही तर घरात पकडल्यासारखं वाटतं आणि उतारावर सटकतं. गुलमर्गला जायच्या आधी मी बडोद्यात घरीच दोन जोड्या अशा केल्यात. बोल्ट जात नसेल तर भोक स्ट्रॅपचं मोठं करा, बेसप्लेटचं (बुटाखालची प्लेट) नको, स्ट्रॅप बिघडला तर दुसरा आणता येतो, बेसप्लेट गेली की अख्खी बाइंडिंगच गेली. ड्रिल हळू चालवा आणि बिट एकेक नंबरने वाढवा, नाहीतर प्लास्टिक वितळून कडेला गोळा होतं. नट-बोल्ट कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतील, पण ते थ्रेडलॉकरचं लिक्विड (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात ते) वगैरे प्लास्टिकला लागू देऊ नका, पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला त्याने तडे जातात (आणि सगळे नेमकं तेच लावतात!), त्यापेक्षा नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) बरा. आणि बेसप्लेटवर आधीच पांढरट रेषा दिसत असतील तर हा खटाटोप करू नका, थंडीत ती आणखी ठिसूळ होते, सरळ नवीनच घ्या.