४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या का नाही?

प्रश्न : २ चा ३२ वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. फर्मा हा गणिती तिला मूळ संख्या समजत होता, असे वाचले. तिला ६४१ ने नि:शेष भाग जातो, हे भागाकार न मांडता दाखवता येईल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : येईल, आणि ती सिद्धता शालेय बीजगणितात बसणारी आहे.

फर्मासमोर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या होत्या. २ चा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत जाऊन दर वेळी १ मिळवला की त्या मिळतात. या पाचही मूळ असल्यामुळे पुढच्याही मूळच असतील, असे त्याने १६४० मध्ये पत्रातून मांडले. मात्र लगेचच्या सहाव्या संख्येचा ६४१ हा विभाजक ऑयलरने १७३२ मध्ये दाखवून दिला.

आता ६४१ कडे नीट पाहा. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८, अधिक १. १२८ हा २ चा ७ वा घात आहे, म्हणून ५ आणि २ चा ७ वा घात यांच्या गुणाकाराला ६४१ ने भागले तर बाकी उणे १ मानता येते. या गुणाकाराचा चौथा घात घेतला की बाकी १ होते. म्हणजेच ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १. पण ६२५ हे ६४१ पेक्षा १६ ने कमी असल्याने त्याची बाकी उणे १६, आणि १६ हा २ चा चौथा घात आहे. तेव्हा २ चा ३२ वा घात उणे चिन्हासह घेतला तर बाकी १ उरते, म्हणून त्या घातात १ मिळवल्यावर काहीच बाकी उरत नाही. दुसरा अवयव ६७,००,४१७ असून तो मूळ आहे.

६४१ नेमका हाती कसा लागतो, हेही सांगायला हवे. ल्युका या फ्रेंच गणितीने १८७८ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक १२८ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो. असे उमेदवार क्रमाने १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. त्यांपैकी १२९, ३८५ आणि ५१३ संयुक्त आहेत. २५७ चा प्रश्न एका सुंदर गुणधर्माने सुटतो : ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांचा गुणाकार बरोबर ४,२९,४९,६७,२९५ येतो, म्हणून आपल्या संख्येला २५७ ने भागल्यास बाकी २ उरते. प्रत्यक्ष तपासण्याजोगा पहिलाच उमेदवार ६४१!

आणखी एक वाट आहे. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येत असेल, तर ती एकाच प्रकारे येते, हा नियम खुद्द फर्माला ठाऊक होता. आपली संख्या ६५,५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज आहे, हे उघडच आहे. पण ६२,२६४ आणि २०,४४९ यांच्या वर्गांची बेरीजही तीच येते, आणि एकही विभाजक माहीत नसताना ती संयुक्त ठरवायला एवढे पुरेसे आहे.