काड्या फुल, तरी नेट रांगतंय: एक्स्टेंडरची जागा आणि सेटिंग

ताई, तुम्ही लिहिलंय की कांदिवलीच्या नव्या टॉवरमधल्या टू बीएचकेत राऊटर हॉलमध्ये दाराजवळ आहे, राऊटरचं वायफाय पुढे पोचवणारा एक्स्टेंडर आतल्या बेडरूममध्ये लावलाय, मोबाईलवर काड्या फुल दिसतात आणि तरी मुलाचा क्लास सारखा अडकतो. एक्स्टेंडर बिघडलेला नाही, बदलायच्या भानगडीत पडू नका. त्या काड्या तुमचा मोबाईल आणि एक्स्टेंडर यांच्यातल्या आहेत. एक्स्टेंडरला राऊटरकडून किती मिळतंय ते त्यावरून कळत नाही, आणि त्याला मिळेल तेवढंच तो पुढे देणार.

म्हणून आधी त्याला बेडरूममधून काढा आणि पॅसेजच्या सॉकेटमध्ये लावा, राऊटर आणि त्याच्यामध्ये जास्तीत जास्त एक भिंत येईल असा. नव्या टॉवरमध्ये याला फार महत्त्व आहे. मिवान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या बांधकामात आतल्या भिंतीसुद्धा बहुतेक काँक्रीटच्याच असतात, आत सळया. जुन्या बिल्डिंगमधल्या विटांच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ (वायफायच्या २.४ आणि ५ या दोन बँडपैकी वेगवान) जसं पार होतं तसं इथे होत नाही. फ्रिजच्या मागचा किंवा आरशाच्या कपाटाजवळचा सॉकेटही टाळा. अँड्रॉइड मोबाईलवर एखादं वायफाय ॲनालायझर ॲप टाका आणि सॉकेटपाशी उभं राहून राऊटरच्या सिग्नलचा आकडा बघा. तो डीबीएममध्ये असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६५ डीबीएम किंवा त्याहून बरा, म्हणजे उणे ६०, उणे ५५ असा असेल तर जागा पक्की. उणे ७५-८० दिसत असेल तर सेटिंगमध्ये कितीही डोकं घातलंत तरी फरक पडणार नाही.

आता सेटिंग. एक्स्टेंडर रिसेट करा, मोबाईल त्याच्या स्वतःच्या नेटवर्कला जोडा आणि मोबाईल डेटा बंद करा. बरेच जण इथेच अडतात: त्या नेटवर्कवर अजून इंटरनेट नसतं, म्हणून फोन गुपचूप डेटावर जातो आणि सेटिंगचं पान उघडतच नाही. पानाचा पत्ता एक्स्टेंडरच्या मागच्या स्टिकरवर असतो. आत गेल्यावर ॲडमिनचा पासवर्ड बदला, तुमच्या राऊटरचं नेटवर्क निवडा, त्याचा पासवर्ड टाका. सिक्युरिटीत, म्हणजे वायफायच्या कुलपाच्या प्रकारात, डब्ल्यूपीए२, एईएस निवडा. राऊटरवर फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलेलं असेल तर जुना एक्स्टेंडर जोडलाच जात नाही. मग राऊटरवर डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र ठेवा.

तुमचा एक्स्टेंडर ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ दोन्हींवर चालणारा असेल तर पॅसेजमध्ये ५ गिगाहर्ट्झचा आकडा चांगला येतोय का ते बघा. येत असेल तर राऊटरशी त्याच बँडवर जोडा आणि बेडरूममधली उपकरणं २.४ वर घ्या. एकाच बँडवर दोन्ही कामं दिली की तोच रेडिओ आळीपाळीने राऊटरचं ऐकतो आणि तुमच्याशी बोलतो, त्यात स्पीड साधारण निम्म्यावर येतो.

चॅनेल, म्हणजे बँडमधली ठरावीक मार्गिका, एक्स्टेंडरच्या पानावर शोधत बसू नका. त्या बँडवर राऊटरचा जो चॅनेल, तोच तो धरतो. बदलायचा तर राऊटरमध्ये. ॲनालायझर उघडलंत की २.४ वर अख्ख्या मजल्याची नेटवर्कं एकावर एक चढलेली दिसतील. १, ६, ११ यांतला जरा मोकळा निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ३ किंवा ४ रिकामा दिसतो म्हणून तो घेऊ नका. त्यावर १ आणि ६ दोन्हींचा गोंगाट येतो, शिवाय शेजाऱ्यांनाही त्रास.

एक्स्टेंडरला सुरुवातीला वेगळं नाव द्या, म्हणजे मोबाईल कुठे जोडलाय ते समजेल. सगळं नीट चाललं की नाव आणि पासवर्ड राऊटरचाच ठेवा. बेडरूममधला टीव्ही जागचा हलत नाही, त्यामुळे तो वेगळ्या नावावर राहिला तरी चालेल.

एवढं करूनही क्लास अडकला तर पॅसेजपर्यंत लॅन केबल ओढा आणि एक्स्टेंडर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो केबलमधून नेट घेऊन पुढे पसरवेल, अर्थात त्याला लॅन पोर्ट असेल तर. मला विचाराल तर केबलला तोड नाही. सॉकेटपाशी किती डीबीएम येतंय आणि एक्स्टेंडरचं मॉडेल कोणतं ते इथे टाका, मग नेमकं कुठलं पान उघडायचं ते सांगतो.