हेलसिंकीत एप्रिलमध्ये रुजू होतोय, तोवर थंडी संपलेली असेल ना?

नाही हो. जाड जॅकेट बॅगेत वरच ठेवा. कॅलेंडरवर वसंत असला तरी रात्री पारा शून्याखाली जातो, आणि ऊन पडलं म्हणून खूश व्हावं तर पुन्हा बर्फ भुरभुरतो. या परतलेल्या हिवाळ्याला फिनिश भाषेत ‘ताकातल्वी’ म्हणतात (ताकाशी संबंध नाही!). मला त्याहून जास्त त्रास धुळीचा होतो. कुणी घसरू नये म्हणून हिवाळाभर फुटपाथवर टाकलेली बारीक खडी बर्फ वितळला की उघडी पडते. ती झाडून होईपर्यंत डोळे चुरचुरतात. दमा असेल तर औषध जवळ बाळगा.

पण उजेड! एप्रिलअखेर दिवस जवळजवळ १६ तासांचा होतो. ऑफिस सुटल्यावर समुद्राकाठी तासभर चालून आलं तरी बाहेर लख्ख. पाच-सहा अंशांत लोक मांडीवर ब्लँकेट घेऊन कॅफेबाहेर बसतात. पहिल्या वर्षी हसू येतं, दुसऱ्या वर्षी आपणही तिथेच.

१ मेला आपला महाराष्ट्र दिन, इथे ‘वप्पू’ हा वसंताचा सण. काइवोपुइस्तो बागेत सगळे डबे घेऊन जमतात. सोबत लिंबाचं आंबवलेलं पेय ‘सिमा’ आणि साखरेत घोळवलेले डोनट, म्हणजे ‘मुंक्की’. तुम्ही चहाचा थर्मासही न्या, हात गारठतात.