मेटल फ्लेकसाठी एअरब्रश: कंपनी नंतर, आधी कणाचं माप

भावा, तुझा प्रश्न मला समजला तो असा: कुपवाडला घरामागच्या शेडमध्ये बुलेटची टाकी आणि दोन हेल्मेटं फ्लेकमध्ये करायची आहेत, जमलं तर गणपतीच्या आधी मित्राच्या कारखान्यातल्या मूर्तींच्या मुकुटांवर तोच फ्लेक मारायचा आहे. हाताशी ०.३ मिलिमीटर नोझलचा डबल ॲक्शन एअरब्रश (एकाच ट्रिगरवर हवा आणि रंग दोन्ही सोडणारा, पेनासारखा छोटा फवारा) आणि तीन लिटर टाकीचा, १/६ हॉर्सपॉवरचा छोटा कंप्रेसर. आता ०.५ घ्यावा की ०.८, आणि कुठल्या कंपनीचा?

कंपन्यांची नावं तुला भरपूर मिळतील. पण फ्लेक किती मापाचा आणलायस ते तू लिहिलेलंच नाहीस, आणि सगळं अडलंय तिथं.

दुकानात मेटॅलिक, पर्ल आणि फ्लेक ही नावं एकाच दमात घेतात, पण माल तीन तऱ्हेचा आहे. गाडीच्या मेटॅलिक बेसकोटमधली, म्हणजे क्लिअरखालच्या रंगाच्या थरातली ॲल्युमिनियमची पावडर साधारण १० ते ५० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पर्ल म्हणजे अभ्रकाचा चुरा. नेहमीचा पर्ल त्याच मापात बसतो, काही जाड ग्रेड शंभराच्या पुढे जातात. आणि मेटल फ्लेकमध्ये धातू फक्त वरवरचा असतो. पॉलिस्टरच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा थर चढवायचा, त्यावर रंग द्यायचा आणि षटकोनी तुकडे कापायचे, झाला फ्लेक. त्याचं माप इंचाच्या हजारांशात देतात, तुमच्या एमआयडीसीतले लेथवाले ज्याला थाऊ म्हणतात ते. दोन थाऊ म्हणजे ५० मायक्रॉन, चार म्हणजे १००, आठ म्हणजे २००, आणि पंधरा थाऊचा जाड फ्लेक पावणेचारशेच्या पुढे.

आता तू म्हणशील, ०.३ चं नोझल म्हणजे ३०० मायक्रॉनचं भोक, त्यातून शंभरचा कण आरामात जाईल. जात नाही. त्या भोकात सुई बसलेली असते. ट्रिगर मागे ओढला तरी सुईचं निमुळतं टोक भोकाच्या तोंडाशीच राहतं, त्यामुळे रंगाला मिळते ती सुईभोवतीची बारीक कडी. शिवाय कण एकेकटे रांगेत येत नाहीत. तीन-चार आडवे येऊन एकमेकांत अडकले की त्यांचा बांध तयार होतो. लक्षण ओळखून ठेव: पहिल्या दोन फटक्यांत पॅनेलवर चमक दिसते, मग पृष्ठभाग ओला दिसत राहतो पण चमक वाढत नाही. ज्यात फ्लेक कालवलाय तो पारदर्शक वॉर्निश, म्हणजे क्लिअर, गाळून पुढे जातोय आणि फ्लेक कपाच्या बुडाशी गोळा होतोय. त्याच वेळी ट्रिगर सोडल्यावरही टोकाशी थेंब धरत असेल तर सुईच्या खाली कण अडकलाय, ती पूर्ण बसत नाही. अशा वेळी सुई जोरात पुढे रेटून कोंडी फोडायला जाऊ नको. नोझल फाटतं, आणि बारीक आट्यांच्या नोझलचा सुटा भाग आपल्याकडे मागवल्याशिवाय मिळत नाही.

माझा हिशोब सरळ आहे: भोक कणाच्या निदान आठ-दहा पट हवं. तुझा ०.३ मेटॅलिक बेसकोट आणि बारीक पर्लसाठी चालेल, तोही नीट पातळ केला तर. ०.५ मध्ये दोन थाऊचा फ्लेक बिनघोर जातो, चार थाऊचा कुरकुरत जातो. ०.८ मध्ये चार थाऊ. आठ थाऊ आणि त्याच्या पुढचा असेल तर एअरब्रशचा नाद सोड, तिथं १.८ ते २.५ नोझलची कप गन, म्हणजे कप लावलेली मोठी स्प्रे गन लागते. बुलेटच्या टाकीवर लांबून, उन्हात टिपक्या-टिपक्यांनी लखलखणारा जो फ्लेक लोकांना आवडतो तो बहुतेक आठचा किंवा पंधराचा असतो. तुला तोच हवा असेल तर एअरब्रशवर एक रुपयाही घालू नको.

चार थाऊच्या आत थांबणार असशील तर पिस्तुलाच्या घोड्यासारखा ट्रिगर असलेला, वरून कप असलेला ०.५ किंवा ०.६ चा घे. इवाटा कंपनीचा कस्टम टीएच ०.५ चा आहे आणि त्याला पंख्यासारखा फवारा देणारी कॅप लागते, टाकीसारख्या गोलाव्यावर ती फार कामाची. त्यांचाच एक्लिप्स जी६ हा ०.६ चा. बॅजरचा पॅट्रियट १०५ पण ०.५ चा आहे, पण त्याचा ट्रिगर वरून बोटाने दाबायचा, मोठ्या कामात बोट आखडतं. चायनीज पिस्तूल टाइप घेतलास तरी माझी ना नाही. फक्त आतल्या सीलबद्दल विचारून घे. साधी रबरी ओ-रिंग लॅकर थिनरमध्ये फुगते आणि मग सुई मागेपुढे सरकतच नाही. पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची हवी.

एक वेगळीच जात आहे, तिच्याकडे आपल्याकडं कुणी बघत नाही: एक्स्टर्नल मिक्स. यात रंग आणि हवा नोझलच्या बाहेर भेटतात, आत अडकायला जागाच कमी. पाशे कंपनीचा एच मॉडेल वर्षानुवर्षं असाच येतो, सिंगल ॲक्शन (ट्रिगरने फक्त हवा सुटते, रंग वेगळा जुळवायचा), खाली बाटली. त्याच्या पाच नंबरच्या टिपचं भोक एक मिलिमीटरच्या आसपास आहे. फवारा जरा खरबरीत पडतो, बारीक रेघेचं काम त्याच्याकडून होणार नाही, पण फ्लेकला बारीक रेघ हवीय कुणाला? टिप धुवायला दोन मिनिटं पुरतात. फक्त फ्लेकसाठीच वेगळं हत्यार ठेवायचं असेल तर मी हेच घेईन.

आता कंप्रेसर. तुझा १/६ चा मिनिटाला वीस-बावीस लिटर हवा देतो, ०.५ ला २५-३० पीएसआय दाबावर कसाबसा पुरेल. मिनी गन, म्हणजे छोटी स्प्रे गन लावलीस की शंभर लिटरच्या पुढची भूक असते; चार सेकंदांत दाबाचा काटा खाली येईल आणि फवाऱ्याच्या जागी थुंकी पडेल. ओळखीच्या पंक्चरवाल्याकडं मोठ्या टाकीचा कंप्रेसर असतो, रविवारी दुपारी तो मोकळा असतो. पण त्याच्या हवेत तेल आणि पाणी दोन्ही येतं, त्यामुळे आपला फिल्टर-रेग्युलेटर घेऊनच जा. श्रावणात तर पाण्याचा सापळा तासाला रिकामा करावा लागतो. त्याच दमट हवेत लॅकर क्लिअर पांढुरका पडतो, तेव्हा सावकाश उडणारा थिनर वापर.

मारताना सगळ्यात जास्त घोळ गाळण्यात होतो. सवयीने फ्लेक घातलेला क्लिअर कागदी गाळणीतून ओतला की अर्धा माल गाळणीत. क्लिअर आधी गाळ, फ्लेक नंतर घाल. कपात सायकलच्या बेअरिंगची स्टीलची गोळी टाक आणि प्रत्येक फटक्याआधी मनगट हलव, कारण फ्लेक तळाशी बसायला वाट बघत नाही. पहिला थर विरळ मार, सगळं एका दमात झाकायला गेलास तर ओल्या क्लिअरमध्ये कण घसरून टाकीच्या खालच्या कडेला गोळा होतात आणि वर चट्टे उमटतात. आधी फ्लेकच्याच रंगाचा बेस मारून ठेवलास तर निम्म्या मालात काम होतं. फ्लेक पुरता बसल्यावर दोन-तीन क्लिअर चढवल्याशिवाय पॉलिश पेपर लावू नको. कागद कणाच्या डोक्याला लागला की वरचा रंग जातो आणि खालची चांदी उघडी पडते. टूके, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायच्या क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला रुमाल किंवा करोनातला मास्क चालत नाही. सेंद्रिय वाफांची काडतुसं असलेल्या घट्ट मास्कवरही पूर्ण भरवसा नको, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा आणि शेडमधून हवा सारखी बाहेर जायला हवी. आणि आसपास पाचट पेटवायचे दिवस असतील तर क्लिअर पुढे ढकल. काजळीचा एक काळा तुकडा ओल्या टाकीवर बसला की सगळं काम मागे.

स्टेशनरीच्या दुकानातली चमकी वापरून पैसे वाचवायचा मोह होईल. तिचा रंग बहुतेक वेळा थिनरमध्ये सुटतो, लाल चमकीची तासाभरात गुलाबी-चंदेरी होते. वापरायचीच असेल तर आधी चिमूटभर बाटलीत थिनर घालून रात्रभर ठेवून बघ.

राहिले मुकुट. तिथं फ्लेक मारू नको. फ्लेक म्हणजे प्लास्टिक, ते विरघळत नाही, विसर्जनानंतर कृष्णेच्या गाळात तसंच राहणार. अभ्रकाचा सोनेरी पर्ल पाण्याच्या बाइंडरमध्ये कालवून मारलास तर कारखान्याच्या दिव्याखाली मुकुट तितकाच झळकतो, आणि पर्ल बारीक ग्रेडचा घेतलास तर त्याला तुझा आहे तो ०.३ पुरतो, वेगळं काही घ्यायची गरज नाही.