बाबांनी एका दिवसात तापाच्या ६५० च्या आठ गोळ्या घेतल्या. त्रास काहीच नाही, तरी दवाखान्यात न्यावं का?

हो, आत्ता न्या. उत्तर वाटेत वाचा.

तुम्ही लिहिलंय की कालपासून आठ गोळ्या झाल्या, मध्ये तीनदा सर्दीची गोळी घेतली, दोन दिवस पोटात धड अन्न नाही आणि बाबा म्हणतात, ‘ठणठणीत आहे, उगाच खर्च नको.’

मी डॉक्टर नाही. एकोणीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे, त्यामुळे हिशेब तेवढा पक्का येतो. ६५० च्या आठ म्हणजे ५,२०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, तापाच्या गोळीतलं औषध. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, कशात ३२५, कशात ५००. पाचशेची धरली तर आणखी १,५००. झाले ६,७००. धडधाकट मोठ्या माणसाची चोवीस तासांची मर्यादा ४,००० आहे. उपाशी, किरकोळ वजनाच्या किंवा रोज पिणाऱ्या माणसाला तीसुद्धा जड जाऊ शकते. क्रोसिन, डोलो, कॅलपॉल ही नावं वेगळी, आत औषध तेच.

लिव्हर हे औषध मोडतं तेव्हा त्यातला थोडा भाग विषारी होतो. ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ त्या विषाला तिथल्या तिथे गप्प करतो. त्याचा साठा मर्यादित, आणि उपाशी माणसाचा आधीच तळाला गेलेला. साठा संपला की विष लिव्हरच्या पेशींवरच उलटतं. पण पहिल्या दिवशी थोडी मळमळ होते, किंवा तीही नाही. उजव्या बरगडीखाली दुखणं, कावीळ, बरळणं हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर. म्हणून ‘त्रास नाही’ यावर विसंबू नका.

माझ्या सख्ख्या आत्याचं सांगतो. दाढ ठणकत होती आणि दाताच्या डॉक्टरांची वेळ चार दिवसांनंतरची. गुडघ्यासाठी एक गोळी आधीच चालू होती, घरात तापाची होती, आणि दाढेसाठी तिसरी माझ्याकडून नेली. तिन्हींत पॅरासिटामॉल. तिच्या लेखी तीन दुखण्यांची तीन औषधं, आणि आणखी काय चालू आहे हे मी, तिच्या भाच्यानं, विचारलंही नाही. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले. शेजारणीनं कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं, नाकात कसलासा रस घातला, दीड दिवस तिथेच गेला. नंतर अकरा दिवस हॉस्पिटल. वाचली. अजूनही ती मला दोष देत नाही, आणि तेच जास्त लागतं.

यावर उतारा आहे: एन-ॲसिटिलसिस्टीन, बहुधा सलाईनमधून देतात. गोळ्या पोटात गेल्यापासून आठ तासांच्या आत सुरू झाला तर सगळ्यात चांगलं, पण उशीर झाला तरी देतात, म्हणून ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांना एक गोष्ट ठासून सांगा: गोळ्या एकदम नाही, दिवसभरात थोड्या थोड्या घेतल्यात. रक्तातलं प्रमाण ज्या तक्त्यावर ताडून बघतात तो एकाच वेळी घेतलेल्या गोळ्यांसाठी आहे, इथे तो फसवतो. कोणती गोळी किती वाजता, हे कागदावर लिहून न्या.

तोवर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. ताप चढला तर अंग कोमट पाण्यानं पुसा, पॅरासिटामॉलची आणखी एकही गोळी नको. ‘मग आयबुप्रोफेन देतो’ हेही नको. डेंग्यू असेल तर त्यानं रक्तस्राव वाढू शकतो.

बाबा ऐकत नसतील किंवा गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. रिकामी पाकिटं पिशवीत घ्या, केराच्या डब्यात गेलेलीही शोधून.