फिशरिंगचा पाण्यातला कोट बघताना

पहिल्यांदाच फिशरिंगला, जर्मनीतल्या त्या पाण्याने वेढलेल्या किल्ल्याला, निघालायस ना? मग आत शिरायची घाई करू नकोस, आधी खंदकाच्या कडेने सावकाश एक फेरी मार. लुडिंगहाउझेनच्या सरदारांवर वचक बसावा म्हणून म्युन्स्टरच्या बिशपाने १२७१ मध्ये हा कोट बांधला. मुलूख सपाट, आडोशाला डोंगर नाही. म्हणून श्टेव्हर नदीचं पाणी भोवती खेळवलं. १५२१ च्या आगीत तो जळाला, पण जुन्याच पायावर पुन्हा उभा राहिला. बाहेरच्या गोलाकार भिंतीसमोर जरा थांब: मूळची जाड, संरक्षणासाठी बांधलेली भिंत आणि तीच फोडून नंतर बसवलेल्या मोठ्या खिडक्या. गढीचा वाडा कसा झाला ते तिथेच दिसतं. माझी तर सगळ्यात आवडती जागा तीच. वारा पडलेला असेल तर पाण्यातलं प्रतिबिंबही बघ.