आरोग्य सेवकाच्या नोकरीत खरं काम असतं की नुसती रजिस्टरं? चंद्रपूर जिल्ह्यात नेमणूक झाली आहे.

माझे मामा सिंदेवाहीच्या बाजूला याच पदावरून निवृत्त झाले, म्हणून जवळून पाहिलेलं सांगतो. रजिस्टरं आहेत, भरपूर आहेत. पण मामांचा बहुतेक वेळ जायचा तो स्वतःला ठणठणीत समजणाऱ्या माणसांकडे.

हत्तीरोगाचंच घ्या. पूर्व विदर्भात हा रोग जुना आहे. त्याचे सूक्ष्म जंतू दिवसा बोटाच्या रक्तात सहसा मिळत नाहीत, रात्रीच येतात. म्हणून रक्तनमुने रात्री आठ ते बारा या वेळात घ्यायचे. धानाच्या रोवणीचे दिवस असले की माणसं दिवसभर बांधीत वाकून आलेली, जेवून आडवी झालेली. त्यांना उठवून बोटाला सुई टोचायची! "मले काय झालं जी?" हे वाक्य मी दारादारात ऐकलंय. मामा वाद घालत नसत. आम्ही भाचे सुट्टीत गेलेलो असलो की टॉर्च धरायला सोबत न्यायचे आणि पहिलं बोट आमचं पुढे करायचे. "पाहा, हे पोट्टं रडलं का?" एवढं झालं की घरचा म्हातारा हात पुढे करायचा, मग बाकीचे. ते बोट पुढे करायला आम्हा भावंडांत भांडणं होत, इतका आमचा मामांवर जीव.

पुढे हत्तीरोगावरच्या डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्या वाटायच्या मोहिमा आल्या. ज्याच्या अंगात जंतू असतात त्याला ते मरताना ताप येतो, डोकं दुखतं. गावात बोभाटा होतो की गोळीनंच माणूस पाडला. म्हणून गोळी समोर गिळायला लावणं जितकं गरजेचं, तितकंच दुसऱ्या दिवशी त्या घरी पुन्हा जाणं. मामा जायचेच, शिव्या खायची तयारी ठेवून.

मलेरियात उलटा त्रास. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाचा ताप औषधानं दोन-तीन दिवसांत उतरतो, पण जंतू लिव्हरमध्ये दडून राहतात. त्यासाठी प्रायमाक्विन हे औषध १४ दिवस घ्यावं लागतं. ताप गेलेला माणूस १४ दिवस गोळ्या का खाईल? मामा पहाटे मजूर निघायच्या आधी वस्तीवर हजर असायचे.

कुष्ठरोगाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे माणूस म्हणून कस लागतो. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून लोक वर्षानुवर्षं दुर्लक्ष करतात. डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकानं स्पर्श करायचा. कळला नाही तर संशय घ्यायचा आणि डॉक्टरांकडे पाठवायचं. एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरची एकत्र औषधं, फुकट मिळते, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने. त्यातल्या रिफॅम्पिसिननं लघवी लाल होते. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण घाबरून पाकीट फेकून देतो. आणि अशा घरी मामा सरकारी पिशवी घेऊन कधी गेले नाहीत. पिशवी उपकेंद्रात, पाकीट शर्टाच्या खिशात, तोंडी धानाच्या गोष्टी. लग्नाची पोरगी असलेल्या घराला याची किंमत काय, ते गावात राहिलेल्यालाच कळेल. त्या घरांची नावं मामींनाही कधी कळली नाहीत.

विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकणं ग्रामपंचायतीच्या माणसाचं काम, पण पाण्यात क्लोरीन उतरलं का हे दाखवणाऱ्या ओटी टेस्टला पिवळा रंग येतो का ते पाहणं तुमच्याकडे. पाण्याला वास येतो म्हणून बाया ओरडतील. त्यांना कावीळ, हगवण यांची नावं घेऊन सांगा, ऐकतात.

त्रासही सांगायला हवा. जागा रिकामी राहिल्या की एकावर दोन उपकेंद्रांचा भार पडतो. मामांनी तो वर्षानुवर्षं ओढला, गुडघे त्यातच गेले, आणि याचा मला आजही राग आहे.

रुजू झालात की आधी आशाताईंना भेटा. तेलंगणात मिरची तोडायला कोण गेलंय, कोण कधी परततंय, हे त्यांना पाठ असतं. परत आलेल्यांचे मलेरियासाठी रक्तनमुने त्याच आठवड्यात घ्या, ताप असो वा नसो.